प्यायचे नेट, वापरायचे नेट

एका घरात इंटरनेटच्या दोन लाइनी असल्या की कोणाचे काय कोणत्या लाइनीने जावे हे ठरवावे लागते. या शास्त्राला ‘पॉलिसी राउटिंग’ असे भारदस्त नाव आहे, पण कल्पना मराठी घराला नवी नाही. ज्या सोसायटीत कॉर्पोरेशनचे पाणी येते आणि बोअरचेही येते, तिथे प्यायचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असते. बोअरचे भांड्यांना, लादीला, कुंड्यांना, कॉर्पोरेशनचे माठाला. पाहुण्याने चुकून बोअरच्या नळाखाली पेला धरला, तर घरातले तिघे जण एकदम ओरडतात. नेटच्या बाबतीत असे ओरडायला कोणी नसते. ते काम टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या राउटर नावाच्या डब्याला शिकवावे लागते, आणि शिकवायला बसल्यावर कळते की पाण्याबद्दल घरात जे एकमत आहे ते नेटबद्दल अजिबात नाही.

दुसरी लाइन घरात येते ती सहसा वेगाच्या हौसेने नव्हे, पहिलीवरचा विश्वास उडाल्यामुळे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच दोन खोल्यांत एक ऑफिस, एक शाळा आणि एक कथकचा क्लास एकाच वेळी भरू लागला, तेव्हा अनेक घरांनी हा निर्णय घेतला. पहिली लाइन फायबरची, १०० एमबीपीएसची. दुसरी गल्लीतल्या केबलवाल्याची, ५० ची, किंवा मग सिमकार्ड घातलेला डोंगल. दुसरी लाइन जोडून केबलवाला जिना उतरायच्या आत घरातले कर्ते गृहस्थ बेरीज करतात: शंभर आणि पन्नास, दीडशे. मग ते फोनवर स्पीड टेस्ट लावतात. काटा ९४ वर थांबतो. केबलवाल्याला परत वर बोलावले जाते.

केबलवाल्याचा यात काहीही दोष नसतो. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही जे आयपी पत्ते वापरतात, ते १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते असतात. आरएफसी १९१८ या १९९६ सालच्या दस्तऐवजात ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि जगातल्या असंख्य घरांत तेच ते पुन्हा पुन्हा वापरले जातात. गावोगावी मारुतीचे देऊळ असते, पण ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढ्याच पत्त्यावर परगावचे पत्र पोहोचत नाही, तसेच हे. म्हणून पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, घराबाहेर पडताना राउटर त्यावरचा घरचा पत्ता खोडून त्या त्या लाइनीचा बाहेरचा पत्ता लिहितो. फायबरने गेले तर एक पत्ता, केबलने गेले तर दुसरा. पलीकडचा सर्व्हर समोरच्याला ओळखतो तो दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरच्या खोल्यांचे क्रमांक), अशा चार आकड्यांवरून. यातला एक जरी मध्येच बदलला, तर त्याच्या दृष्टीने समोरचा माणूसच बदलला. बँकेच्या काउंटरवर जोशी म्हणून स्लिप भरायला घेतलेला मनुष्य सही करताना कुलकर्णी झाला, तर खिडकीपलीकडचा कारकून जे करील तेच बँकेचा सर्व्हरही करतो. तो ‘आपले सत्र संपले आहे’ असे अत्यंत सभ्य भाषेत सांगतो आणि शटर खाली ओढतो.

तेव्हा एक फाइल उतरवायची तर ती एकाच लाइनीने येणार आणि तिला १०० चीच मर्यादा पडणार. दोन फाइली एकदम उतरवल्या, आणि राउटरला सुबुद्धी होऊन एक इकडून व एक तिकडून आली, तर एकूण दीडशे भरतील. दोन लाइनी म्हणजे रस्ता रुंद होणे नव्हे, दोन रस्ते होणे. एकाच एसटीला नगरमार्गे आणि नाशिकमार्गे एकदम संभाजीनगरला जाता येत नाही. गृहस्थांना हे पटते, पण महिन्याची दोन बिले पाहिली की पुन्हा पटेनासे होते.

राउटर मुळात रस्ता ठरवतो तो फक्त ‘कुठे जायचे’ एवढे पाहून. त्याच्याकडे एक तक्ता असतो, त्यात पत्त्यांच्या सुरुवातीचे आकडे आणि त्यांच्यापुढे दिशा लिहिलेल्या असतात. हे कसे चालते ते समजायला पिनकोड उत्तम. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात सुरू झाला, आणि त्याची योजना केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी होते. सहा आकड्यांत अख्खा देश बसवायचा म्हणजे वृत्तात शब्द बसवण्याचा सराव हवाच. ४११०३० या आकड्यातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग, ४११ म्हणजे पुणे, आणि पुढचे तीन आकडे म्हणजे सदाशिव पेठेचे पोस्ट. कोलकात्यातल्या कर्मचाऱ्याला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही (त्याच्या मनःशांतीसाठी ते बरेच आहे). त्याने सुरुवातीचे आकडे पाहून पत्र योग्य गोणीत टाकले की झाले. जसजसे पत्र जवळ येते तसतसे जास्त आकडे पाहिले जातात. राउटरही तेच करतो, आणि त्याचा एकमेव बाणेदार नियम असा, की दोन नोंदी लागू पडत असतील तर जी जास्त नेमकी तीच खरी.

या नेमकेपणाच्या मोहाने काय होऊ शकते हे जगाने २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाहिले. यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती एक खोटी वाट तयार केली. यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा गठ्ठा आपला म्हणून जाहीर करत होते. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २५६ पत्त्यांचा गठ्ठा आपला म्हणून जाहीर केला. ही घोषणा देशाबाहेर निसटली. जगभरच्या राउटरांनी पाहिले, की हा गठ्ठा लहान, म्हणजे जास्त नेमका, म्हणजे हाच खरा. आणि जगातल्या कोट्यवधी लोकांचे मांजरांचे व्हिडिओ सुमारे दोन तास पाकिस्तानच्या दिशेने धावत सुटले. यूट्यूबने उत्तरादाखल आपल्या गठ्ठ्याचे आणखी लहान तुकडे करून जाहीर केले. बांधावरून होणाऱ्या भांडणात तलाठ्याकडे ज्याचा नकाशा जास्त बारीक तो जिंकतो, त्याचाच हा आंतरराष्ट्रीय अवतार.

घरातल्या राउटरचा तक्ता मात्र दोन ओळींचा असतो: घरातले घरात, बाकी सगळे बाहेर. ‘बाकी सगळे’ या ओळीला डिफॉल्ट रूट म्हणतात. लाइनी दोन झाल्या की ‘बाकी सगळे’ म्हणणाऱ्या ओळीही दोन होतात, आणि दोघीही सारख्याच नेमक्या, म्हणजे सारख्याच मोघम. मग राउटर मेट्रिक नावाचा आकडा पाहतो आणि ज्या लाइनीचा आकडा लहान तिच्याकडे सगळे पाठवतो. दुसरी लाइन महिनाभर बिल घेते आणि स्वस्थ बसते. स्पीड टेस्टचा काटा ९४ वर थांबला तो यामुळे.

आता ‘कुठे जायचे’ याबरोबर ‘कोण जातोय’ हेही पाहायचे असेल, तर एक तक्ता पुरत नाही. जानेवारी १९९९ मध्ये लिनक्सची २.२ ही आवृत्ती आली. तिच्यात अलेक्सेई कुझ्नेत्सोव या रशियन प्रोग्रामरने एकाऐवजी अनेक तक्ते ठेवण्याची आणि कोणता तक्ता कोणासाठी उघडायचा याचे नियम लिहिण्याची सोय केली. आज घरोघरीच्या, ऑफिसांतल्या असंख्य राउटरांच्या पोटात लिनक्सच असते, त्यामुळे ही सोय बहुतेकांच्या घरात वापराविना पडून आहे, स्टीलच्या कपाटातल्या डिनर सेटसारखी. नियमांना क्रमांक असतात. ० क्रमांकाचा नियम राउटरच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी, ३२७६६ क्रमांकाचा नेहमीच्या तक्त्यासाठी, ३२७६७ क्रमांकाचा त्यानंतरही कोणी उरलेच तर त्याच्यासाठी. गृहस्थांनी आपले नियम मधल्या क्रमांकांत घालायचे. राउटर वरून खाली वाचत येतो आणि ज्या नियमाने वाट सापडली तिथे थांबतो. खालचे वाचत नाही.

खरी अडचण इथे सुरू होते, आणि ती तांत्रिक नाही. कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर हे मराठी घरात कधीच लिहिलेले नसते. पंगतीत पहिले ताट कोणाचे, सकाळी बाथरूममध्ये आधी कोण, रिमोट कोणाच्या हाती, हे सगळे सवयीने, रुसव्याने आणि वडीलकीने चालते, आणि लिहिलेले नसते म्हणूनच चालते. राउटर हा घरात आलेला पहिला असा प्राणी, की जो ही उतरंड आकड्यांत मागतो. १०० क्रमांकावर कोण? ११० वर कोण? ‘सगळ्यांना सारखे’ असे त्याला सांगता येते, पण मग दुसरी लाइन घेतली कशाला, हा प्रश्न उभा राहतो.

तांत्रिकदृष्ट्या प्रश्न मानाचा नसून स्वभावाचा आहे. ऑनलाइन मीटिंग आणि चित्रपट यांचे स्वभाव परस्परविरुद्ध असतात. टेलिफोनच्या जुन्या, प्रमाणित पद्धतीने आवाज पाठवायचा तर सेकंदाला ५० पॅकेटे लागतात, प्रत्येकात १६० बाइट आवाज; म्हणजे सगळा मिळून ६४ केबीपीएस. चित्र धरले तरी मीटिंग दोन-तीन एमबीपीएसमध्ये भागते. पण ही पॅकेटे वेळेवर यायला हवीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोहोचला तर संभाषण सुरळीत वाटते. त्याहून उशीर झाला की दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात, मग दोघेही ‘नाही नाही, तुम्ही बोला’ म्हणतात. उशिरा आलेले पॅकेट फेकूनच द्यावे लागते. लग्न लागून गेल्यावर आलेल्या अक्षतांचा काय उपयोग?

चित्रपट याच्या उलट. फोर-के चित्राला पंधरा ते पंचवीस एमबीपीएस लागतात, पण टीव्ही पुढचे काही सेकंद आधीच उतरवून पोटात ठेवतो. मध्ये सेकंदभर लाइन अडखळली तरी पडद्यावरच्या नायकाला त्याचा पत्ता लागत नाही. चित्रपट खादाड पण शांत. मीटिंग अल्पाहारी पण तापट. तेव्हा रुंद, अधूनमधून गचके खाणारी लाइन टीव्हीला द्यावी आणि अरुंद पण स्थिर लाइन मीटिंगला, असे गणित सांगते. हे गणित जगातल्या कोणत्याही कर्त्या गृहस्थाला मान्य होत नाही. ज्या लाइनीचे बिल जास्त ती ‘ऑफिसच्या कामाला’ आणि स्वस्तातली ‘टीव्ही-बिव्हीला’, हा निर्णय त्यांनी अर्ज भरतानाच घेतलेला असतो. रुंदी आणि तत्परता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटवायला उपग्रहाचे उदाहरण देतात. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहामार्फत आलेली लाइन कितीही रुंद असो, वर जाऊन खाली यायलाच संदेशाला पाव सेकंद लागतो. प्रकाशाचा वेग वाढवून मिळणारा प्लॅन अजून कोणाकडे नाही. गृहस्थ हे ऐकून घेतात आणि मग विचारतात, ‘पण फायबर चांगले ना?’

तिसरा प्रकार खेळाचा. पबजीछाप खेळात डेटा अगदी थोडा जातो, पण प्रत्येक मिलिसेकंदाला जीव जातो, तो खेळणाऱ्याचा. या प्रकारच्या वाहतुकीला घरातली सर्वांत चांगली लाइन मिळते, कारण राउटरचा पासवर्ड फक्त तिच्या मालकाला माहीत असतो. आजोबांच्या शुभ सकाळच्या संदेशांचे वजन काही नसते. सूर्योदय, गुलाब आणि सुविचार मिळून शंभर-दोनशे केबी. पण ते सहा वाजता पन्नास जणांना जायलाच हवेत, आणि एखाद्यापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या नाहीत की ‘नेट गेलंय का रे?’ असा प्रश्न झोपलेल्यांना येतो. ओटीपीचा प्रकार वेगळाच. तो एसएमएसने येतो, घरच्या नेटशी त्याचा सुतराम संबंध नसतो, तरीही तो उशिरा आला की शिव्या राउटरलाच बसतात.

खरा खलनायक मात्र गप्प असतो. लग्नाहून परत आलेल्या काकूंचा फोन वायफायला जोडला जातो आणि मुकाट्याने आठशे फोटो आणि वरातीचे चाळीस मिनिटांचे चित्रण वर पाठवू लागतो. वर जाणारी वाट अनेक प्लॅनांत खाली येणारीहून अरुंद असते. ती भरली की मोडेम कोणाला नाही म्हणत नाही. येईल त्याला रांगेत उभे करत जातो. मीटिंगचे इवलेसे पॅकेट वरातीच्या मागे उभे राहते. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. मराठीत त्याला तुंबणे म्हणतात आणि मोरीच्या अनुभवामुळे ते लगेच समजते. फोटोंचा बॅकअप दुसऱ्या लाइनीवर ढकलणे हा दोन लाइनींच्या घरातला सर्वांत फायदेशीर नियम आहे. बाकी कोणताही नियम लिहिला नाही तरी चालेल.

नियम लिहिला तरी राउटरने वाहतूक ओळखायची कशी? पूर्वी पोर्टच्या आकड्यावरून ओळखत: ईमेलचा वेगळा, वेबचा वेगळा, फाइलींचा वेगळा. आता बहुतेक सगळे कूटबद्ध होऊन ४४३ या एकाच पोर्टने जाते. बँक, चित्रपट, शाळा, भाजीची ऑर्डर, सगळ्यांनी एकाच रंगाचे रेनकोट घातले आहेत. पावसात स्टॉपवर आपला मुलगा कोणता ते कळू नये तशी गत. म्हणून ‘काय जातेय’ हे सोडून ‘कोणत्या यंत्रातून जातेय’ हे पाहणे सोपे पडते. त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून, त्याला घरातला एक कायमचा आयपी पत्ता राखून द्यायचा आणि नियम त्या पत्त्याला लावायचा. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत. प्रत्येक वायफायला बनावट सांगतात. हॉलच्या वायफायचे नाव एक आणि बेडरूमच्या वायफायचे दुसरे ठेवले असेल, तर एकच सून दोन खोल्यांत दोन वेगळ्या नावांनी वावरते, आणि राउटर तिला दोन्हीकडे पाहुणी समजतो.

ओळख पटली की पॅकेटावर खूण करतात. ही खूण म्हणजे राउटरच्या स्मरणात त्या पॅकेटाला लावलेला टिळा; नियम तो टिळा पाहून तक्ता निवडतो. गंमत अशी की टिळा पॅकेटावर प्रत्यक्षात नसतोच. उंबरठा ओलांडला की तो गेला. बाहेरच्या जगाला कोण घरात किती मानाचे होते याच्याशी कर्तव्य नसते. नवखे लोक या पायरीवर एक हमखास चूक करतात. दुसऱ्या लाइनीच्या नव्या तक्त्यात ते ‘बाकी सगळे बाहेर’ ही ओळ लिहितात आणि ‘घरातले घरात’ ही लिहायला विसरतात. मग प्रिंटर वेगळ्या वायफायवर असेल, तर लॅपटॉपवरून सोडलेले वीजबिल शेजारच्या खोलीत छापून यायच्या ऐवजी केबलवाल्याच्या दिशेने निघून जाते.

इतके नियम नकोत असे वाटणाऱ्यांसाठी वाटणीची पद्धत आहे. राउटर स्वतःच नवीन जोडणी आली की ती लाइनींमध्ये वाटतो, १०० आणि ५० असतील तर दोनास एक या प्रमाणात. लात्वियातल्या रिगा शहरात १९९६ साली सुरू झालेल्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर आपल्याकडच्या केबलवाल्यांत लोकप्रिय आहेत. त्यांत पत्ते आणि पोर्ट यांचे गणित करून, आलेल्या बाकीप्रमाणे लाइन ठरवण्याची सोय असते. पाचवीतला भागाकार शेवटी इथे उपयोगी पडतो. पण एकाच संकेतस्थळाशी फोन दहा जोडण्या करतो, त्यातल्या सात इकडून आणि तीन तिकडून गेल्या की जोशी-कुलकर्णींचा जुना घोटाळा परत होतो. तेव्हा बँकेपुरती तरी वाटणी बंद ठेवावी लागते. एक जोडणी खरोखरच दोन लाइनींवर पसरवण्याचा उपायही आहे. मल्टिपाथ टीसीपी ही पद्धत २०१३ मध्ये अशाच एका आरएफसी दस्तऐवजात आली, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने ती सिरीसाठी वापरली. मात्र पलीकडच्या टोकालाही ती यावी लागते. टाळी एका हाताने वाजत नाही. पॅकेटे नुसतीच आलटून पालटून दोन लाइनींवर टाकली, तर ती उलटसुलट क्रमाने पोहोचतात, पलीकडचा ‘मधले हरवले, मधले हरवले’ असा तीनदा घोष करतो आणि पाठवणारा घाबरून वेग कमी करतो. दोन लाइनी मिळून एकीपेक्षा हळू चालतात. संयुक्त कुटुंबाच्या अभ्यासकांना यात नवीन काही आढळणार नाही.

पहिली लाइन गेली की दुसरीवर जाणे, याला फेलओव्हर म्हणतात. लाइन गेली हे राउटरला कळावे कसे? तो ठरावीक वेळाने कोणाला तरी पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारतो. आळशी माणसे हा प्रश्न घरातल्याच फायबरच्या डब्याला विचारायला लावतात. डबा तत्परतेने ‘आहे’ म्हणतो, कारण तो खरोखरच आहे. बाहेर चौकात जेसीबीने अख्खी वायर उपटली असली तरी त्याचा प्रामाणिकपणा ढळत नाही. पाणी येतेय का हे वॉचमनला विचारण्यासारखेच हे. म्हणून प्रश्न दूरच्या पत्त्याला विचारावा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारख्या, आणि तोही एकालाच नव्हे. एकदा उत्तर आले नाही म्हणून लगेच लाइन मेली असे ठरवू नये. तीन-चारदा वाट पाहावी, आणि परत आली तरी लगेच तिच्या गळ्यात पडू नये. नाहीतर नेट दर मिनिटाला माहेर-सासर करत बसते आणि प्रत्येक फेरीला सगळ्या मीटिंगा तुटतात. दुसरी लाइन डोंगलची असली तर आणखी एक काळजी. फायबर परत आले तरी आधी सुरू झालेल्या जोडण्या डोंगलवरच बसून राहतात, आणि दिवसाचा दीड जीबीचा कोटा दुपारी चारच्या मालिकेच्या पुनःप्रक्षेपणात संपून जातो.

बाहेरून घरात येणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे कोकणातल्या घरी बसून पुण्याच्या फ्लॅटचा कॅमेरा पाहण्याचा, नियम एकच: ज्या दाराने पाहुणा आला त्याच दाराने त्याला निरोप द्यावा. केबलने आलेल्या प्रश्नाचे उत्तर फायबरने पाठवले, तर त्यावर भलत्याच लाइनीचा पत्ता असतो. असली पॅकेटे अडवावीत अशी शिफारस २००० सालापासून आहे आणि अनेक कंपन्या ती पाळतात. तसेही अनेक घरांना आता १००.६४ पासून पुढच्या गठ्ठ्यातला सामायिक पत्ता मिळतो. असे सुमारे ४२ लाख पत्ते २०१२ मध्ये यासाठीच बाजूला काढले गेले, आणि एकेका बाहेरच्या पत्त्यामागे चाळीसारखी अनेक घरे राहतात. मग पाहुणा दारापर्यंत येतच नाही, आणि प्रश्न आपोआप मिटतो.

नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेबद्दल इतकेच, की एका कंपनीची डिरेक्टरी दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवरून विचारली तर ती बऱ्याचदा ओळख देत नाही, किंवा देते ती भलत्या गावच्या सर्व्हरची. प्रत्येक लाइनीला तिची डिरेक्टरी द्यावी, किंवा दोघींना सार्वजनिक द्यावी.

हे सगळे नियम नीट लिहूनही दोन लाइनी एकदम जाऊ शकतात, कारण त्या दोन आहेत हे फक्त बिलावर खरे असते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली काही तासांच्या अंतराने तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी वाट कोंडली. मालक वेगळे, नावे वेगळी, बिले वेगळी. समुद्राचा तळ एकच. गल्लीतही तेच घडते. दोन्ही वायरी एकाच गुलमोहराला बांधलेल्या असतात, आणि पावसाळ्याआधी फांद्या छाटणारा माणूस कंपन्यांमध्ये भेदभाव करत नाही. विजेचे गणित याहून सूक्ष्म आहे. फायबरच्या वाटेत कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत सहसा वीज लागणारे काही नसते. घरातला डबा छोट्या बॅटरीवर ठेवला तर वीज गेली तरी लाइन चालू राहते. केबलवाल्याच्या लाइनीचा स्विच मात्र पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या पेटीत, कोणाच्या तरी मीटरवर चालू असतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की दुसरी लाइन पहिलीच्या आधी जाते. राखीव खेळाडूनेच सगळ्यांत आधी पॅव्हेलियन गाठावे, तसे. आणि दोन्ही डबे, राउटर, सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असेल, तर त्या बोर्डाचे बटण आजींच्या हाताशी असते. ‘रात्री उगाच कशाला दिवे जळत ठेवायचे रे?’ या प्रश्नावर कोणत्याही राउटरमध्ये फेलओव्हरची सोय नाही.

उरतो देखभालीचा भाग. नियम लिहिणारा बहुधा घरातला मुलगा असतो आणि तो बारावीनंतरच्या सुट्टीत ते लिहितो. १०० क्रमांकावर तो स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता घालतो, १९२.१६८.१.२०, आणि त्याला फायबर देतो. ११० वर ‘बाकी सगळे केबलवर’ असे तात्पुरते, फक्त चाचणीपुरते लिहितो. लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवायचा मात्र तो कंटाळा करतो. पुढे तो शिकायला जर्मनीला जातो. लॅपटॉप त्याच्याबरोबर जातो, पासवर्डही जातो. तात्पुरता नियम राहतो. मोकळा झालेला तो पत्ता राउटर पुढच्या गरजूला देतो, आणि दिवाळीत एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या, वायफाय असलेल्या नव्या वॉशिंग मशीनला तो मिळतो. रविवारी रात्री आई मुलाला व्हिडिओ कॉल लावते. त्याचा चेहरा ‘जेवलास का’च्या आधीच चौकोनाचौकोनांत विरघळतो आणि थांबतो. बाबा राउटर बंद करून चालू करावा का, असा विचार करत उठतात. तेवढ्यात बाल्कनीतून मशीनची मंजुळ घंटी वाजते. त्याचे नवे सॉफ्टवेअर पूर्ण वेगाने उतरून झालेले असते.